माणसं माणसांना आणतात तेव्हा

संख्याशास्त्राच्या वर्गात नमुना निवडीचा धडा यादीपासून सुरू होतो. गावांची, घरांची किंवा मतदारांची यादी हाती असली की चिठ्ठ्या काढून थोडी नावं निवडायची आणि त्यांच्यावरून सगळ्यांबद्दल अंदाज बांधायचा. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी पिकांच्या उत्पन्नाचे अंदाज काढण्यासाठी नमुना पाहणीचं जे शास्त्र उभं केलं, त्याचा पायाही हाच होता. कोणतं शेत निवडलं जाण्याची शक्यता किती, हे आधी माहीत हवं.

पण काही माणसांची यादी कुठेच नसते. सुईने नशा करणारे, शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी पुरुष, कागदपत्रांविना राबणारे मजूर. आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याप्रमाणे अशा पदार्थांचं सेवन हाही गुन्हा आहे. दारात आलेल्या प्रगणकाला कोण सांगेल की मी सुई घेतो म्हणून? तरीही या माणसांमध्ये एचआयव्ही किती, हेपटायटिस सी किती, एकच सुई किती जण वापरतात, हे कळल्याशिवाय स्वच्छ सुया, औषधं आणि दवाखाने किती लागतील ते ठरवता येत नाही.

यावर एक मार्ग आहे. माणसांनीच आपल्या ओळखीच्या माणसांना सर्वेक्षणात आणायचं. लिओ गुडमन यांनी 1961 साली अशा साखळी नमुन्याचं गणित मांडलं होतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकथॉर्न यांनी 1997 मध्ये त्याला कूपनांची शिस्त लावली: आलेल्या प्रत्येकाला मोजकी कूपनं द्यायची आणि त्याने ती आपल्या ओळखीच्यांना द्यायची. कनेक्टिकट राज्यात सुईने नशा करणाऱ्यांमधलं एड्स प्रतिबंधाचं काम हे त्याचं उगमस्थान. ‘रिस्पॉन्डन्ट ड्रिव्हन सॅम्पलिंग’ असं त्याचं नाव, आणि आम्ही सगळे त्याला आरडीएस म्हणतो. आपल्याकडे 2005 ते 2007 च्या दरम्यान झालेल्या मोठ्या एचआयव्ही पाहणीत, जिच्यात पुण्याच्या ‘नारी’ या एड्स संशोधन संस्थेचा महत्त्वाचा वाटा होता, मणिपूर आणि नागालँडमध्ये सुईने नशा करणाऱ्यांपर्यंत याच पद्धतीने पोचता आलं.

अशा सर्वेक्षणांत मी बरीच वर्षं काढली आहेत. दिवसा केंद्रावर कूपनं तपासायची आणि संध्याकाळी संगणकावर अंदाज काढायचे. त्यातून जे मनाशी पक्कं झालं ते इथे लिहिते. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी, आणि वर्तमानपत्रात असे आकडे वाचणाऱ्यांसाठीही.

1. आधी विचारा, ही माणसं एकमेकांना ओळखतात का?

ही पद्धत ओळखीवर चालते. ओळखच नसेल तर ती पहिल्या पायरीवर अडते. सुईने नशा करणाऱ्याला माल कुठे मिळतो, कोण सोबत बसतं, हे माहीत असावंच लागतं, म्हणून त्यांच्यात जाळं असतं. न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोमधल्या जॅझ वादकांचा अभ्यास हेकथॉर्न यांनी याच पद्धतीने केला, कारण वादक एकत्र वाजवतात आणि एकमेकांना ओळखतात. शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क इथे 2008 मध्ये कमी पगारावर राबणाऱ्या 4,387 कामगारांपर्यंतही याच वाटेने पोचता आलं. त्यांतल्या 26 टक्के लोकांना आदल्या आठवड्यात किमान वेतनापेक्षा कमी पैसे मिळाले होते, हे त्यातून पुढे आलं. मालकाकडून यादी घेऊन हे कधीच कळलं नसतं.

उलट, घरात मार सोसणाऱ्या बायका किंवा एकट्याने गोळ्या खाणारी माणसं एकमेकांना ओळखतातच असं नाही. तिथे ही पद्धत लावू नये. म्हणून सर्वेक्षणाच्या आधी काही आठवडे नुसतं बोलण्यात घालवावेत. वस्तीतल्या पिअर एज्युकेटरला, म्हणजे त्याच समूहातून आलेल्या कार्यकर्त्याला, आणि ड्रॉप-इन सेंटरवर येणाऱ्यांना विचारावं: कोण कुणाला भेटतं, कुठे भेटतं, कोणते दोन गट एकमेकांशी बोलत नाहीत? या गप्पांमधून जे कळतं ते पुढे कोणतंही सूत्र सांगत नाही.

2. पहिली माणसं वेगवेगळी निवडा, पण मदार साखळीच्या लांबीवर ठेवा

ज्या लोकांपासून सुरुवात होते त्यांना आम्ही ‘सीड’ म्हणतो. ते आम्हीच निवडलेले असतात, म्हणून त्यांच्यात आमचा पक्षपात असतोच. संस्थेच्या जवळचे, बोलके, विश्वासातले लोक आधी हाताशी येतात. हेकथॉर्न यांचं म्हणणं असं की साखळी पुरेशी लांब गेली की सुरुवात कुठून झाली याचा परिणाम पुसट होत जातो. गणितात याला मार्कोव्ह साखळीचा समतोल म्हणतात. त्यांच्या हिशेबाप्रमाणे हा समतोल थोड्या फेऱ्यांतच जवळ येतो.

प्रत्यक्ष कामात याचा अर्थ असा की चाळीस सीडांकडून प्रत्येकी दहा माणसं गोळा करण्यापेक्षा आठ सीडांच्या साखळ्या खोलवर जाऊ देणं चांगलं. सीड मात्र वेगवेगळ्या भागांतले, वयांचे, लिंगांचे हवेत. एखादा सीड पुढे कुणालाच आणत नाही, तर एखाद्याची साखळी निम्मा नमुना भरून टाकते. असा एकतर्फी नमुना दिसला की अहवालात तो तसाच सांगावा. अहवाल वाचणाऱ्यासाठी ती सर्वांत महत्त्वाची ओळ असते.

3. कूपनं तीनच द्या आणि प्रत्येक क्रमांक जपा

एका माणसाला साधारणपणे तीन कूपनं देतात. एकावरून तीन, तिनांवरून नऊ, नवांवरून सत्तावीस. कागदावर पाचव्या फेरीतच 243 माणसं होतात. सगळी कूपनं परत येत नाहीत, म्हणून खरा वेग याहून खूप कमी असतो. पण तीनची मर्यादा महत्त्वाची आहे. ती नसेल तर सगळ्यांच्या ओळखीचा, सगळ्यांवर वचक असलेला एखादा माणूस आपल्याच तीस-चाळीस जणांना घेऊन येतो आणि आपण एका टोळीचं सर्वेक्षण करून बसतो. साध्या ‘ओळखीतून ओळख’ नमुन्याची अडचण हीच असते.

प्रत्येक कूपनावर क्रमांक असतो. तो कुणी दिला आणि तो घेऊन कोण आलं, एवढंच त्यावरून कळतं. नाव कुठेच लागत नाही. हा धागा तुटला तर हाती नुसता माणसांचा ढीग उरतो. कुणाचं उत्तर किती वजनाचं धरायचं तो भार काढता येतो, पण एकाच साखळीतली माणसं एकमेकांसारखी किती, हे कळत नाही आणि अंदाज किती डळमळीत आहे तेही सांगता येत नाही. म्हणून केंद्रावर सर्वांत नेटकं काम करणारी व्यक्ती मी कूपनांच्या टेबलावर बसवते. मुलाखतीचा एखादा प्रश्न राहिला तर चालतो, क्रमांक चुकलेला चालत नाही.

4. ‘किती जणांना ओळखता?’ या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्या

ज्याचे नातेवाईक जास्त त्याच्या घरी लग्नपत्रिका जास्त येतात. इथेही तेच आहे. ज्याची ओळख मोठी, त्याच्या हाती कूपन पडण्याची शक्यता मोठी. स्कॉट फेल्ड यांनी 1991 मध्ये दाखवून दिलं होतं की आपल्या मित्रांना सरासरीने आपल्यापेक्षा जास्त मित्र असतात, कारण जास्त मित्र असलेला माणूस अधिक लोकांच्या मित्रयादीत येतो. म्हणजे साखळीने आणलेल्या नमुन्यात गर्दीतली माणसं जास्त आणि एकटी माणसं कमी, हे ठरलेलंच. हा कल दुरुस्त करण्याचं एकच साधन आपल्याकडे असतं: प्रत्येकाची ओळख किती मोठी आहे, हा त्याने स्वतः सांगितलेला आकडा.

हा प्रश्न एका दमात विचारून चालत नाही. पायऱ्यापायऱ्यांनी जावं लागतं. या शहरात सुईने नशा करणारे किती जण तुमच्या ओळखीचे आहेत, जे तुम्हालाही ओळखतात? त्यांतले अठरा वर्षांवरचे किती? गेल्या सहा महिन्यांत सुई घेतलेले किती? आणि त्यांतले किती जण गेल्या महिन्याभरात तुम्हाला समोरासमोर भेटले? या वस्त्यांत खरं नाव क्वचितच कुणाला माहीत असतं, म्हणून टोपणनाव चालेल, हे प्रश्नातच सांगावं लागतं.

उत्तर बहुतेक वेळा गोल आकड्यात येतं. पाच, दहा, वीस, पन्नास, शंभर. “मॅडम, सगळा प्लॅटफॉर्म मला ओळखतो,” असंही कुणी म्हणतो. मग मुलाखतकाराने घाई न करता विचारावं, “काल कोण कोण भेटलं, दादा? आणि परवा?” माणूस बोटांवर मोजू लागतो आणि शंभराचे चौदा होतात. ही पाच मिनिटं वाचवणारं सर्वेक्षण पुढे सगळीकडे चुकतं.

5. कच्ची आणि भारित, दोन्ही टक्केवाऱ्या काढा

आता भाराचं गणित. समजा नमुन्यात 100 जण आले. 60 जण स्टेशनच्या आसपास राहणारे, प्रत्येकाची ओळख 20 जणांशी. 40 जण घरातून येणारे, प्रत्येकाची ओळख 5 जणांशी. स्टेशनवाल्याला कूपन मिळण्याची शक्यता चौपट होती, म्हणून त्याला भार कमी द्यायचा: एकाला विसावा हिस्सा. घरवाल्याला पाचवा हिस्सा. 60 भागिले 20 म्हणजे 3. 40 भागिले 5 म्हणजे 8. एकूण 11. म्हणजे खऱ्या समूहात स्टेशनवाले 60 टक्के नसून 11 पैकी 3, साधारण 27 टक्के.

समजा स्टेशनवाल्यांत एचआयव्हीचं प्रमाण 30 टक्के आणि घरवाल्यांत 10 टक्के आढळलं. कच्चा आकडा येतो 22 टक्के. भार लावल्यावर तो साडेपंधरावर येतो. ओळखींची सरासरीही अशीच बदलते. नमुन्यात ती 14 दिसते, पण समूहातली योग्य सरासरी हरात्मक मध्याने काढावी लागते आणि ती 9 च्या थोडी वर येते. व्होल्ट्स आणि हेकथॉर्न यांनी 2008 मध्ये मांडलेला अंदाजक मुळात एवढाच आहे. नमुना समूहाच्या मानाने मोठा असेल, म्हणजे हजारातले पाचशे लोक आधीच येऊन गेले असतील, तर क्रिस्टा जाइल यांची 2011 ची पद्धत वापरावी. आलेला माणूस पुन्हा येत नाही, ही गोष्ट ती हिशेबात धरते. मात्र त्यासाठी समूहाचा एकूण आकार अंदाजाने का होईना, सांगावा लागतो.

एक सावधगिरी. ज्याने ‘मी एकालाच ओळखतो’ असं सांगितलं, त्याचा भार वीस जणांना ओळखणाऱ्याच्या वीसपट होतो. अशी चार-सहा माणसं निकाल फिरवू शकतात. म्हणून मी प्रत्येक वेळी त्यांना वगळून आणि पुन्हा धरून, असा अंदाज दोनदा काढते. दोन्ही उत्तरं जवळ असतील तर निर्धास्त असते. दूर असतील तर दोन्ही छापते.

6. साखळ्या एकमेकींच्या भागात जातात का, ते रोज पाहा

माणूस आपल्यासारख्यालाच आणतो. स्टेशनचा स्टेशनवाल्याला, पुरुष पुरुषाला, मराठी बोलणारा मराठी बोलणाऱ्याला. हे थोडं असेल तर गणित सांभाळून घेतं. पण दोन गटांमध्ये ओळखीचे दुवे अगदी मोजके असतील, तर साखळी एका बाजूला अडकून राहते. एका बाजूला आजार 40 टक्के आणि दुसऱ्या बाजूला 10 टक्के असेल, तर अंदाज कुठे येईल हे केवळ साखळीने तो दुवा किती वेळा ओलांडला यावर ठरतं.

यासाठी दोन आलेख पुरेसे आहेत. एकात प्रत्येक नव्या माणसानंतर बदलत जाणारा अंदाज काढायचा. रेष शेवटी सपाट झाली पाहिजे. दुसऱ्यात प्रत्येक सीडच्या साखळीचा अंदाज वेगळा काढायचा. रेषा एकमेकींच्या जवळ आल्या पाहिजेत. त्या समांतर चालल्या असतील तर शहरात एक समूह नाही, दोन आहेत, आणि दोन्हींचे आकडे वेगळे द्यायला हवेत. हे आलेख काम चालू असतानाच काढावेत. सर्वेक्षण संपल्यावर ते काढले तर फक्त खंत उरते.

स्त्रियांच्या बाबतीत हे फार जाणवतं. नशा करणाऱ्या अनेक स्त्रियांची ओळख नवऱ्यापुरती किंवा जोडीदारापुरती असते. पुरुषांच्या साखळ्या त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत, आणि पुरुषांनी भरलेल्या केंद्रात त्या येतही नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे सीड, वेगळी वेळ, बाई मुलाखतकार आणि मुलाला घेऊन बसता येईल अशी जागा लागते. एवढं केलं नाही तर अहवालात ‘स्त्रियांचं प्रमाण नगण्य’ असं छापून येतं आणि पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी पैसाही नगण्य ठेवला जातो.

7. मोबदला पुरेसा हवा, मोहात पाडणारा नको

आलेल्या माणसाला त्याच्या वेळेचे पैसे मिळतात, आणि त्याने आणलेला माणूस पात्र ठरला की आणखी थोडे. दुसरा मोबदला नसेल तर साखळी चालत नाही. तो फार असेल तर कूपनांचा बाजार सुरू होतो. शिकागोमधल्या कामाबद्दल ग्रेग स्कॉट यांनी 2008 मध्ये हे सविस्तर लिहिलं: कूपनं विकली गेली, काहींनी इतरांवर दबाव आणला. हा प्रश्न कोणत्याही शहरात येऊ शकतो, कारण ज्याला आज रात्रीची सोय करायची आहे त्याच्यासाठी कूपन म्हणजे रोख रक्कम असते.

उपाय साधे आहेत. रक्कम स्थानिक लोकांना विचारून ठरवा. साधारण एका वेळचं जेवण आणि येण्याजाण्याचं भाडं निघेल एवढीच ठेवा. कूपनाला मुदत घाला. पात्रता ओळखणारा माणूस त्या जगातला असावा. सुईच्या खुणा आणि बोलण्यातले शब्द तो आमच्यापेक्षा अचूक ओळखतो. एकच माणूस पुन्हा पुन्हा येतो का, हे ओळखायलाही काहीतरी व्यवस्था लागते. भारतात 2013 मध्ये 15 शहरांत सुईने नशा करणारे 14,481 जण या पद्धतीने सहभागी झाले. एचआयव्हीचं प्रमाण शहरागणिक सुमारे 6 टक्क्यांपासून सुमारे 45 टक्क्यांपर्यंत निघालं. एवढ्या मोठ्या कामात दुबार येणारे वेगळे काढले नाहीत, तर शहराशहरांमधला असा फरक खरा की कूपनांच्या बाजाराचा, हे कुणीच सांगू शकत नाही.

दुसरा मोबदला घ्यायला माणूस परत येतो तेव्हा त्याला आणखी एक गोष्ट विचारावी: किती जणांना कूपन देऊ केलं, किती जणांनी नाही म्हटलं, आणि का? नाही म्हणणाऱ्यांबद्दल आपल्याला मिळणारी माहिती बहुतेक एवढीच असते.

8. अंदाजाची रुंदी प्रामाणिकपणे सांगा

माझ्या मते या सगळ्या कामातला हा सर्वांत मोठा धडा आहे. समजा 400 जणांच्या नमुन्यात प्रमाण 20 टक्के आलं. यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेला नमुना असता तर 95 टक्के विश्वासाने 16 ते 24 असं सांगता आलं असतं. साखळीत मात्र एकमेकांना आणणारी माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून 400 माणसं 400 वेगळ्या साक्षी देत नाहीत. हा तोटा ‘डिझाइन इफेक्ट’ या आकड्याने मोजतात. मॅथ्यू साल्गानिक यांनी 2006 मध्ये सुचवलं होतं की तो निदान 2 धरावा, म्हणजे नमुना दुप्पट घ्यावा. तसं धरलं तर आपली मर्यादा होते साधारण साडेचौदा ते साडेपंचवीस.

मग 2010 मध्ये शरद गोयल आणि साल्गानिक यांनी ज्यांची सगळी माहिती आधीच हाती होती अशी 85 जाळी घेतली. त्यांतली बरीचशी अमेरिकेतल्या शाळांमधल्या मैत्रीची होती. संगणकावर त्यांच्यातून पुन्हा पुन्हा नमुने काढले, आणि पद्धतीची सगळी गृहीतकं तंतोतंत पाळली. तरीही अंदाज मान्य समजुतीपेक्षा खूपच जास्त इकडेतिकडे गेले. छापल्या जाणाऱ्या विश्वास-मर्यादा फसव्या अरुंद होत्या. अडचण एका बाजूला झुकण्याची नव्हती, डोलण्याची होती. तोपर्यंत वीसहून अधिक देशांत एकशेवीसहून अधिक सर्वेक्षणं या पद्धतीने होऊन गेली होती.

म्हणून समजा डिझाइन इफेक्ट 2 ऐवजी 8 धरला, तर आपल्या उदाहरणातली मर्यादा 9 ते 31 होते. दोन वर्षांच्या अंतराने प्रमाण 20 वरून 16 वर आलं म्हणून कार्यक्रम यशस्वी झाला, असं अशा आकड्यावरून म्हणता येत नाही. निधी देणाऱ्यांना एकच ठसठशीत आकडा हवा असतो, आणि बैठकीत रुंदी सांगणाऱ्याला ‘तुम्हाला नक्की माहीतच नाही का?’ असं ऐकावं लागतं. उत्तर ठाम द्यावं: एवढंच नक्की माहीत आहे, आणि याहून जास्त सांगणं म्हणजे या माणसांच्या जिवाशी खेळणं आहे.

9. जिथे खरं उत्तर माहीत होतं, तिथला निकाल विसरू नका

लपलेल्या समूहात अंदाज बरोबर आला की चूक, हे ताडून पाहायला काही नसतं. म्हणून ग्रामीण युगांडातल्या एका अभ्यासाचं मोल फार. तिथे 2,402 पुरुष कुटुंबप्रमुखांची सगळी माहिती आधीच नोंदलेली होती. त्यांच्यातच आरडीएस करून 927 जणांपर्यंत पोचले आणि 2012 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. नमुना बऱ्याच अंगांनी समूहासारखाच निघाला, पण तरुण आणि सुस्थितीतले पुरुष कमी आले. भार लावून हा कल दुरुस्त झाला नाही. भारित अंदाज कच्च्या टक्केवारीपेक्षा सत्याच्या जवळ गेला तो फक्त 31 ते 37 टक्के वेळा. ज्या मर्यादांमध्ये खरं उत्तर 95 टक्के वेळा सापडायला हवं होतं, त्यांच्यात ते 50 ते 74 टक्के वेळाच सापडलं.

यावरून पद्धत टाकून द्यावी असं मला वाटत नाही. तरुण का आले नाहीत, हे सूत्राला कळू शकत नाही. ते कामावर होते का, मोबदला त्यांना क्षुल्लक वाटला का, कुणी त्यांना कूपनच दिलं नाही का, ही उत्तरं वस्तीतून मिळतात. गणिताला जे सांगितलं नाही ते गणित दुरुस्त करत नाही.

10. टक्केवारी म्हणजे संख्या नव्हे

आरडीएस आपल्याला समूहातलं प्रमाण सांगतं. समूह केवढा आहे ते आपसूक सांगत नाही. सरकारला मात्र संख्या हवी असते, कारण सुया आणि गोळ्या माणसांमागे मोजून येतात. त्यासाठी एक सोपी जोड देता येते. सर्वेक्षणाच्या आधी वस्तीत एखादी खूण असलेली वस्तू वाटायची, समजा 600 किल्लीच्या साखळ्या. मग सर्वेक्षणात विचारायचं, ही तुम्हाला मिळाली होती का? 20 टक्के लोक हो म्हणाले तर समूह 600 भागिले 0.20, म्हणजे 3,000.

इथेही रुंदी पाठ सोडत नाही. खरं प्रमाण 15 टक्के असेल तर संख्या 4,000 आणि 25 टक्के असेल तर 2,400. शिवाय वस्तू वाटणाऱ्या कार्यकर्त्यांनी ज्या ओळखीच्या माणसांना ती दिली, तीच माणसं कूपन घेऊन आधी आली, तर ‘हो’ म्हणणारे फुगतात आणि समूह खऱ्यापेक्षा लहान दिसतो. म्हणून वाटप करणारे आणि सीड निवडणारे लोक वेगळे ठेवावेत, आणि संख्या निदान दोन वेगळ्या मार्गांनी काढावी.

11. गुपित राखणं हा मोजणीचाच भाग आहे

या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण असा की मित्राचं नाव आम्हाला कुणी सांगत नाही. तो कूपन देतो, यायचं की नाही ते मित्र ठरवतो. पण एक फट राहते. दुसरा मोबदला मिळाला की आणणाऱ्याला कळतं, आपला माणूस येऊन गेला आणि पात्र ठरला. समलिंगी पुरुषांच्या सर्वेक्षणात याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको. ही गोष्ट संमती घेताना दोघांनाही स्पष्ट सांगावी. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने माहितीपूर्ण संमती आणि गोपनीयता यांना कायद्याचं बळ दिलं आहे. त्याआधीही ती आपली जबाबदारी होतीच.

यात नीतीबरोबर संख्याशास्त्रही आहे. एका माणसाची माहिती बाहेर फुटली, केंद्राबाहेर एकदा पोलिसांची गाडी उभी राहिली, की त्या भागातल्या साखळ्या दुसऱ्या दिवशी थांबतात. उरतात ते ज्यांना गमावण्यासारखं काही नाही असे लोक. विश्वास गेला की नमुना बिघडतो, आणि तो नंतर कोणत्याही भाराने दुरुस्त होत नाही.

12. निकाल आधी त्यांच्याकडे न्या

अहवाल सचिवालयात जाण्याआधी तो ड्रॉप-इन सेंटरच्या चटईवर बसून वाचून दाखवावा. “तुमच्यातले इतके टक्के घरी राहतात, असं निघालंय. पटतं का?” लोक पटकन सांगतात कुठे चुकलं आहे: अमुक पुलाखालचे आलेच नाहीत, त्या महिन्यात माल महाग होता म्हणून मुलं दुसरीकडे गेली होती. ही टिपणं अहवालात त्यांच्या शब्दांत लिहावीत. ज्यांनी आपली माणसं आणून दिली, त्यांना त्यातून काय निघालं हे कळण्याचा हक्क आहे. आणि त्याच भेटीत ज्यांना तपासणी किंवा औषधोपचार हवा आहे त्यांना तो मिळेल, याची सोय आधी केलेली असावी.

शेवटी वाचकांना एक विनंती. लपलेल्या समूहाबद्दलचा आकडा समोर आला की चार प्रश्न विचारा. साखळी किती लांब गेली? ओळखी किती, हे कसं विचारलं? अंदाज कुठून कुठपर्यंत आहे? आणि आलेल्या माणसांचं गुपित कसं राखलं? या चारांची उत्तरं ज्या अहवालात नाहीत, त्याच्या आकड्यावरून एकाही माणसाच्या सुया किंवा औषधं कमी करू नका.